पाचव्या लिंबाची बखर

श्री. ज्याचे वाहन उंदीर, ज्यास न चार्जिंग लागे न हवा भरावी लागे, त्या विघ्नहर्त्यास आधी दंडवत. आणि विघ्ने फार जाहली, त्याच्याही आवाक्याबाहेर गेली, सबब पुढील मजकूर लिहून ठेविला तो येणेप्रमाणे. शके १९४६, संवत्सराचे नाव क्रोधी, आणि ते नाव वाया गेले नाही. ते समयी एक दौलत होती. तिचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर तेथील लोक रुसतील, आणि न लिहिले तर चहूंकडचे म्हणतील की ही आमचीच, आणि तेच बरे. त्या दौलतीत हेमंतराव ढमढेरे म्हणून एक सरदार होते, पाण्याच्या टाक्या विकून नावारूपास आलेले, आणि त्यांचेपाशी अकरा वर्षांची डिझेलची गाडी होती, ती खोकत असे, परंतु नेत असे. मग दौलतीत विजेच्या गाड्यांची हवा सुटली. शेजारचे घाटपांडे यांनी घेतली, पलीकडले डॉक्टर यांनी घेतली, आणि डॉक्टर रोज सकाळी गाडी न काढताच तीजपाशी उभे राहून चहा पिऊ लागले, ते हेमंतरावांस पाहवेना. मग सहकुटुंब स्वारी रथशाळेत गेली. तेथे प्रणवपंत म्हणून गळ्यास टाय बांधलेले कारकून होते, जिभेवर साखर, हातात फोन, त्यांनी गार पाणी देऊन गाडी दाखविली. आत चौसष्ट रंगांचे दिवे, आसन पाठ चोळून देई, गाडी नावाने हाक मारी, आणि छत सगळे काचेचे, इकडून तिकडे अखंड. "सर, हे टॉप मॉडेल. ह्याच्या वर फक्त आकाश," ऐसे पंत बोलिले आणि बोटाने आकाशही दाखविले. हेमंतराव पाहूनच विरघळले. परंतु कुटुंब वैजयंताबाईसाहेब, यांनी सत्तावीस वर्षे संसार आणि नऊ वर्षे सोसायटीचे चिटणीसपण केलेले, त्या गाडीभोवती दोनदा फिरल्या आणि विचारत्या जाहल्या, "मागच्या काचेला वायपर कुठाय?" पंत म्हणाले, "मॅडम, काढलाय. क्लीन लुकसाठी." "आणि आत, चढताना धरायला कडी?" "तीपण. क्लीन लुक." "काचेच्या छताला पडदा?" "मॅडम, पडद्याने लुक जातो ना." बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या कामवालीने एवढं क्लीन केलं असतं तर मी तिला पगार वाढवला असता." परंतु हेमंतराव तोवर आसनावर बसले होते, आसन पाठ चोळीत होते, आणि पाठ चोळून घेणाऱ्या माणसाचे कान चालत नाहीत. सौदा जाहला.

दसऱ्याचे दिवशी गाडी दारी आली. हेमंतरावांचे तीर्थरूप आबासाहेब, वय एक्याऐंशी, पूजेस बसले. येथे आबासाहेबांची हकीकत सांगणे प्राप्त आहे. त्यांनी सरकारी लाल गाडी चौतीस वर्षे हाकली, पैकी बावीस वर्षे घाटाच्या मार्गावर, आणि त्या बावीस वर्षांत कंडक्टर एकच, रसूलभाई तांबोळी. दोघांचा नेम ऐसा होता की गाडी डेपोतून निघण्याआधी रसूलभाईंनी मागे जावे, तिकिटाच्या पंचाने पाचव्या चाकावर, म्हणजे स्टेपनीवर, दोनदा ठोकावे, आवाज ऐकावा, मगच पुढे येऊन दोनदा घंटी द्यावी. ठोका पडला नाही तर आबासाहेब गिअर टाकीत नसत, आत आमदार बसलेला असो की साहेब. ऐसे केल्याने घाटात अडकून कोणाची परीक्षा चुकली नाही, कोणाचे लग्न चुकले नाही, ऐसा दोघांचा अभिमान होता आणि तो खरा होता. त्याच नेमाने ढमढेऱ्यांचे घरी खंडेनवमी असो की दसरा, वाहनाच्या पूजेस लिंबे पाच: चार चाकांखाली चार आणि स्टेपनीस एक. तर आबासाहेबांनी चार लिंबे चाकांखाली ठेविली, हळदकुंकू वाहिले, आणि पाचवे लिंबू मुठीत घेऊन डिकीकडे गेले. डिकी उघडली. आत अंधार. चौसष्ट रंग पुढे होते, डिकीत एकही नव्हता. आबासाहेबांनी बॅटरी मागविली, गालिचा उचलला, खाली वाकले, आणि खूप वेळ वर आले नाहीत. मग आले. "हेमंता, स्टेपनी कुठं ठेवलीस?" हेमंतराव म्हणाले, "आबा, आता स्टेपनी नसते." "नसते म्हंजे?" "देत नाहीत. त्याऐवजी बाटली देतात. पंक्चर झालं की बाटलीतला डिंक चाकात भरायचा, पंपाने हवा मारायची, झालं." आबासाहेबांनी बाटली हातात घेतली, हलविली, उन्हात धरून पाहिली. "मग ह्या बाटलीची पूजा करू?" "आबा, मुहूर्त चाललाय." "मुहूर्त जाऊ दे, चाक कुठं गेलं ते सांग." हेमंतरावांनी प्रणवपंतांस फोन लाविला, पंत बोलिले की वजन वाचते आणि गाडी लांब पल्ल्याची होते. आबासाहेबांनी ते ऐकिले आणि म्हणाले, "लांब जायचं म्हणून चाक घरी ठेवलं? ही कुठली तऱ्हा?" मग त्यांनी पाचवे लिंबू धुऊन सदऱ्याच्या खिशात ठेविले. "चाक येईल तवा ठेवू," ऐसे म्हणाले आणि बाजूस जाहले. हेमंतरावांनी गाडी चालू केली. आबासाहेब वाट पाहत उभे राहिले. "कर की चालू." "झालीये, आबा." "आवाज?" "नसतो." तितक्यात चारी लिंबे फटाफटा फुटली, आणि आबासाहेब दचकून एक पाऊल मागे आले, चौतीस वर्षे गाडीसंगतीत गेली, परंतु चोरपावलांनी अंगावर येणारी त्यांनी पाहिली नव्हती.

मग पुढले चार दिवस कसे गेले ते लिहिताना बोटे दुखतात. एकादशीस परतीचा पाऊस आला आणि मागली काच दुधासारखी जाहली, आणि हेमंतरावांनी वळणावर गाडी मागे घेतली ती घाटपांड्यांच्या सहा कुंड्यांवर घेतली, पैकी एकीत मोगरा होता, त्याचे घाटपांडेबाई अजून नाव काढतात. द्वादशीस ऊन पडले. काचेच्या छतातून ते ऊन थेट आबासाहेबांच्या टकलावर उतरले, आणि त्यांनी टॉवेल ओला करून डोईस गुंडाळिला, तेव्हा चौकातले लोक मानू लागले की कोणी साधू पुरुष चालला आहे, दोघांनी नमस्कारही केला. वैजयंताबाईंनी मग जुनी चादर कापून पडदा शिवला आणि चिकटपट्टीने छतास लाविला, तो तीन सिग्नल टिकला आणि चौथ्यास हेमंतरावांचे तोंडावर पडला, आणि गाडी आपल्या गोड आवाजात म्हणाली, "आपण थकलेले दिसता. विश्रांती घ्यावी." हे खरे होते. त्रयोदशीस नाक्यावर हवालदाराने गाडी अडविली आणि कागद मागितले. कागद पुढल्या कप्प्यात. कप्प्यास कडी नाही, खटका नाही. तो गाडीतल्या स्क्रीनच्या पडद्यावर बोट लाविले तर उघडे. आणि तो काचेचा पडदा त्या वेळी काळा होऊन बसला होता. "कागद?" "आत आहेत." "काढा मग." "पडदा चालू झाला की उघडेल." "कधी होईल?" "त्याच्या मनात आलं की." हवालदाराने बाजूचा दगड पाहिला, मग गाडी पाहिली, मग हेमंतरावांचे तोंड पाहिले, आणि त्यास दया आली. म्हणाला, "साहेब, माझ्या मेव्हण्यानेपण हीच घेतलीय. जावा." आता अशा सरदारांची एक मजलिस मोबाईलवर भरत असे, चारशे अकरा सरदार, एकाच मेळ्याचे, एकाच गाडीचे. तेथे रोज सकाळी सुप्रभाताऐवजी विलाप होई. कोणी लिही की माझी दारे बाहेरच्या कड्या आत ओढून बसली आहेत आणि मी बाहेर पायजम्यात उभा आहे. कोणी लिही की मी मागली काच पुसावयास काठीस फडके बांधिले असून माझी कन्या काठी घेऊन मागे बसते. मग सर्वांनी मिळून कारखान्याचे दरबारी अर्जी केली: स्टेपनी द्यावी, वायपर द्यावा, पडदा द्यावा, कडी द्यावी, आम्ही अव्वल प्रतीचे मोल दिले आहे, जुन्या हलक्या गाडीत हे सर्व होते. दरबारातून उत्तर आले, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." मोल त्यांनाही कळत होते, एवढे सिद्ध जाहले. आणि चतुर्दशीचे सकाळी हवेतून फर्मान उतरले, म्हणजे गाड्यांत नवे काही आपोआप आले. चारशे अकरा गाड्या पाऊण घंटा मेल्यासारख्या उभ्या राहिल्या, कचेऱ्या चुकल्या, शाळा चुकल्या, एकाचे तर विमान चुकले, आणि मग गाड्या उठल्या आणि कळले की आता बटण दाबताच पुढले दिवे ढोलाच्या तालावर नाचतात.  मजलिशीत एक म्हातारे सरदार होते, त्यांनी लिहिले, "माझी नाचत नाही. कुणाला काही माहिती?"

त्याच दिवशी सायंकाळी आबासाहेबांस फोन आला. रसूलभाईंची लेक नसीम बोलत होती, घाटापलीकडल्या गावाहून. "चाचा, अब्बांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. उद्या तीन वाजता अँब्युलन्स येणार, मोठ्या गावी न्यायचंय. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, काही सांगता येत नाही. अब्बा जेवत नाहीत. सारखं एकच विचारतात, डायवर आला का, डायवर आला का." आबासाहेबांनी फोन ठेविला आणि पिशवी काढली. म्हणाले, "सकाळी सातची लाल गाडी आहे. बारापर्यंत पोचतो." हेमंतरावांस ते लागले. "आबा, एवढी गाडी दारात उभी आहे आणि तुम्ही लाल गाडीने जाणार? लोक काय म्हणतील?" "लोक काय म्हणायचं ते म्हणतील. स्टेपनी न्हाय त्या गाडीत. घाट हाये मधे." "घाट आता चौपदरी झालाय, आबा. आठला निघू, अकराला तिथे असाल. माझ्यासाठी म्हणून बसा." आबासाहेबांनी लेकाकडे पाहिले. लेकाने ती गाडी दसऱ्यापासून पाच वेळा पुसली होती आणि एकदाही सुख पाहिले नव्हते. मग आबासाहेब म्हणाले, "बरं." हीच त्यांची चूक, चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी न केलेली, आणि ती त्यांनी मायेपोटी केली.

पौर्णिमेस सकाळी कूच जाहले. आबासाहेबांस आत चढावयाचे, तर धरावयास काही नाही. त्यांनी चाचपून चाचपून आसनाचा पट्टा धरिला आणि अंग उचलिले. पट्टा सुटत सुटत आला, आणि आबासाहेब घड्याळाच्या लंबकासारखे सावकाश मागे येऊन पायरीवर बसले. "सूनबाई, ही गाडी मला आत घ्यायला तयार न्हाय." वैजयंताबाईंनी हात दिला, हेमंतरावांनी खालून रेटिले, आणि स्वारी आत गेली. आत जाताच आसन पाठ चोळू लागले. "कोण रे ते मागं?" "कुणी नाही आबा, मसाज आहे." "सांग त्याला, ऱ्हाऊ दे म्हणावं." परंतु ते बंद करावयाचे चिन्ह पडद्यात चार दारांआड होते, आणि ते सापडेपर्यंत सतरा मैल आबासाहेब चोळले गेले. वाटेत चार्जिंगच्या ठाण्यावर आधीच तीन गाड्या, तिघेही मजलिशीतले, त्यांनी एकमेकांस ओळखले, आणि दुखणाइतांच्या खोलीत जसे बोलतात तसे हळू बोलिले. तेथे दीड घंटा गेला. घाट लागला तेव्हा साडेअकरा जाहले होते. आबासाहेब पुढे पाहत होते, आणि हात खिशावर, जेथे लिंबू. तिसऱ्या वळणावर रस्त्यात फाटक्या पत्र्याचा तुकडा पडला होता, तो आबासाहेबांस दिसला, हेमंतरावांस दिसला नाही, कारण ते समयी गाडी त्यांस विचारीत होती की आपणास कोणते संगीत आवडेल. "हेमंता, डावीकडं!" परंतु चाक फाटले. गाडी गोड आवाजात म्हणाली, "हवा कमी आहे," आणि गप्प जाहली.

मग बाटलीचा प्रसंग. हेमंतरावांनी कागद वाचून बाटली जोडली, डिंक सोडिला. परंतु चाक बाजूने बोटभर फाटले होते, आणि जितका डिंक आत गेला तितका बाहेर आला, पैकी निम्मा हेमंतरावांच्या पँटवर, आणि वाळू लागला. पंप बिचारा इमानी होता, भरतच राहिला. चाक फुसफुसतच राहिले. जॅक शोधिला. जॅक नाही, कारण स्टेपनी नाही तर जॅक कशास, ऐसा कारखान्याचा विचार, आणि विचार म्हणून तो बिनतोड. मग मदतीचे नंबरास फोन केला, तेथे एक बाई म्हणाली की आपण रांगेत नववे आहात, आणि बासरी लाविली. बासरी ऐकत हेमंतराव नवव्याचे सातवे जाहले, सातव्याचे पुन्हा नववे कसे जाहले ते कळले नाही. शेवटी माणूस बोलिला: गाडी उचलून नेणारे वाहन चार घंट्यांत येईल. सूर्य डोईवर आला, काचेच्या छतावर तापला. आबासाहेब दगडावर बसून राहिले.  हेमंतराव पुढे आले, चिकट पँटीत कसेबसे गुडघे वाकवून त्यांचेसमोर बसले आणि म्हणाले, "आबा, माझ्यामुळे झालं. तुम्ही सातला निघाला असतात तर आत्ता तिथे असतात." आबासाहेब म्हणाले, "चूक तुझी न्हाय. मी ठोका न वाजवता गाडीत बसलो. रसूलला कळलं तर त्यो ऑपरेशनला जायच्या आधी मला मारंल." आणि हसले, परंतु हसू ओठांवरच राहिले. वैजयंताबाईंनी बाजूस जाऊन डोळे पुसले आणि गाडीस लाथ मारिली. गाडी म्हणाली, "नमस्कार."

तों खालच्या वळणावर घरघर ऐकू आली. आबासाहेबांनी मान वर केली. ती घरघर कोणत्या गिअरची, किती माणसे आत, हे सर्व त्यांनी ओळखिले. उठले, रस्त्याचे कडेस गेले, आणि हात वर न करता आडवा धरून दोनदा खाली दाबिला. डायवर लोकांची ती जुनी खूण, आज कोण जाणतो? परंतु लाल गाडीचा डायवर पन्नाशीचा होता, त्याने जाणिली. गाडी थांबली. दारात कंडक्टर बाई होत्या, ज्योत्स्नाबाई, गळ्यात तिकिटाचे यंत्र. "आजोबा, चढा पटकन, घाटात थांबता येत नाही." आबासाहेब चढले नाहीत. काठी टेकीत गाडीचे मागे गेले. बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, गाडीत बसायचंय का गाडी विकत घ्यायचीय?" मागे काठीचे दोन ठोके ऐकू आले. मग आबासाहेब पुढे आले, दाराचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरिला, आणि कोणी हात न देता, कोणी मागून न रेटता, एक्याऐंशीव्या वर्षी तीन पायऱ्या वर गेले. हेमंतराव गाडीपाशीच राहिले, कारण दारांच्या कड्या बाहेर आल्या होत्या त्या आत जाईनात आणि कुलूप लागेना. वैजयंताबाई लाल गाडीत चढता चढता वळून म्हणाल्या, "मी जाते आबांबरोबर. तुम्ही बसा क्लीन लुक बघत." आत ज्योत्स्नाबाईंनी तिकीट फाडिले. त्या दौलतीत पंचाहत्तरीपुढल्यांस तिकीट शून्य रुपयांचे, परंतु घ्यावेच लागे. आबासाहेबांनी ते दुमडून लिंबाचे शेजारी ठेविले. मग बाईंनी दोरी दोनदा ओढली.

गावी पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. रसूलभाई अंगणात बाजेवर, अंगावर चादर, डोळे फाटकाकडे. आबासाहेब आत आले तेव्हा रसूलभाई त्यांच्या मागे पाहू लागले. "कशानं आलास?" "लाल गाडीनं." "तिकीट?" आबासाहेबांनी खिशात हात घालून तिकीट दिले. रसूलभाईंनी ते डोळ्यांजवळ नेले, उलटे केले, सुलटे केले. "शून्य रुपये? खोटं हाय हे." "आता म्हातारे फुकट असतात." "फुकट? मग कंडक्टरनं करायचं काय?" ऐसे म्हणून त्यांनी तिकिटाचा कोपरा नखाने दुमडून खूण केली, कारण पंच हाती नव्हता, आणि परत दिले. मग विचारिले, "पोराची नवी गाडी असून लाल गाडीनं का?"  वैजयंताबाई म्हणाल्या, "घाटात पंक्चर झाली, चाचा." "मग स्टेपनी लावायची."  रसूलभाईंनी कोपरावर उठण्याचा यत्न केला; नसीमने धरिले. "डायवर. स्टेपनी नव्हती?" "नव्हती." "आणि गाडी घराबाहेर काढलीस?" "काढली." "तू?" "मी." मग रसूलभाईंस हसू फुटले, आधी छातीत, मग ओठांवर, नसीम घाबरली की त्रास होतो आहे, परंतु तो त्रास नव्हता. "बावीस वर्सं मी ठोकत होतो, तवा हा बाबा गिअर टाकायचा. मी घरी बसलो की ह्याची हिंमत बघा." आबासाहेबांनी खिशातून लिंबू काढिले. "दसऱ्याचं हाय. चाक नव्हतं म्हणून राहिलं." रसूलभाईंनी लिंबू हातात घेतले, दाबून पाहिले. "ताजं हाय की. फुकट का घालवतो? नसीम, सरबत कर. डायवरला दे, मलापण दे." नसीमने आबासाहेबांकडे पाहिले, कारण दोन दिवसांत अब्बांनी स्वतःहून काही मागितले नव्हते. मग पाचवे लिंबू कापले गेले, दोन पेले जाहले, आणि दोघे बाजेवर बसून घोट घोट पिऊ लागले, आणि मध्ये फक्त एवढेच बोलिले, "साखर कमी हाय." "तुला कमीच पाहिजे."

तीनास अँब्युलन्स आली. रसूलभाईंस आत निजविले, नसीम बसली, दार लावावयाचे. आबासाहेब कोठे दिसेनात. चालक हॉर्न वाजवू लागला. तो आबासाहेब मागून आले, चालकापाशी गेले आणि म्हणाले, "बाबा, स्टेपनी कुठं असती हिची?" चालक म्हणाला, "खाली हाय की, मागच्या बाजूला, जाळीत." आबासाहेब एका हाताने कमर धरून वाकले, काठी आत घातली, आणि दोनदा ठोकिले. आवाज चांगला आला, हवा पक्की होती. आतून रसूलभाईंनी तो ऐकिला. बोटातली अंगठी स्ट्रेचरच्या दांड्यावर दोनदा वाजविली, टिण टिण. चालकास काही कळले नाही, परंतु त्याने गाडी सोडिली.

सारांश इतका की रसूलभाई वाचले आणि तेवीस दिवसांनी घरी आले. हेमंतरावांची गाडी रात्री ट्रकवर चढून आली, दारे उघडी, कड्या बाहेर. त्यांनी कारखान्याकडे सुटे चाक मागितले, उत्तर आले की त्या मापाचे चाक सुटे देत नाहीत. मजलिशीने दुसरी अर्जी केली, आणि मार्गशीर्षात हवेतून नवे फर्मान उतरले. गाडी पाऊण घंटा मेली, उठली, आणि पडद्यावर पाचव्या चाकाचे चित्र आले, चकचकीत, बोट लाविले की गोल फिरे. हेमंतरावांनी आबासाहेबांस आणून दाखविले. आबासाहेबांनी चष्मा लाविला, वाकून पाहिले, आणि काठीने त्या चित्रावर दोनदा ठोकिले. आवाज आला नाही. मग पिशवी उचलून ते लाल गाडीच्या थांब्याकडे चालू लागले. गाडी मागून म्हणाली, "शुभ प्रवास." एवढे जाहले, तेवढे लिहिले; उरलेले वाटेत आहे.